रक्तातील कोलेस्टेरॉल : एका आकड्याचा अर्थ

जुलै २०२५ च्या आरंभी म्हैसूर येथील जयदेव हृद्‌रोग संस्थेच्या रुग्णालयापुढे पहाटेपासून माणसांच्या रांगा लागल्या. शेजारच्या हासन जिल्ह्यात सुमारे चाळीस दिवसांत वीसहून अधिक माणसे हृदयविकाराने दगावल्याची वार्ता पसरली होती आणि मृतांत कित्येक तरुण होते. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी पुष्कळांना कसलाही त्रास होत नव्हता. आपले हृदय ठीक आहे एवढे कोणीतरी सांगावे, इतकीच त्यांची अपेक्षा होती. पुढे कर्नाटक शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने चौकशी केली, तेव्हा मृत्यूंच्या संख्येत असाधारण वाढ झाल्याचे आढळले नाही. भीती ओसरली आणि तिच्याबरोबर रांगाही ओसरल्या.

या प्रसंगाची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. जे काम वर्षानुवर्षांच्या उपदेशाने साधले नाही, ते एका आठवड्याच्या भीतीने साधले. धडधाकट माणसे आपण होऊन तपासणीस गेली. उणीव राहिली ती पुढच्या पायरीवर. तपासणीनंतर हाती येणारा कागद वाचावा कसा, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. ईसीजीची पट्टी हृदयाचे त्या घटकेचे विद्युत्कार्य दाखविते. रक्तातील कोलेस्टेरॉलचे आकडे पुढील वीस-तीस वर्षांविषयी काही सांगू पाहतात. पट्टी सरळ आली म्हणून निर्धास्त व्हावे आणि आकड्यांचा कागद कपाटात टाकून द्यावा, ही चूक सर्रास घडते. तिची किंमत मोठी आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या पाहणीतील माहितीवरून २००७ साली असे दाखविण्यात आले की, दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांतील माणसाला तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो. या सहा वर्षांच्या अंतरात एखाद्या घरातील मुलांचे शिक्षण पुरे व्हावयाचे असते.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. तो मेणासारखा एक स्निग्ध पदार्थ असून प्राणिशरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात असतो. पित्तातील अम्ले, अनेक संप्रेरके आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची घडण त्यापासूनच होते. पित्ताशयातील खड्यांत तो प्रथम सापडला आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८१५ च्या सुमारास पित्त व घन या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे नामकरण केले. शरीराला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. त्या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. आहारातून येणारा भाग त्या मानाने थोडा.

तेल पाण्यात मिसळत नाही, त्याचप्रमाणे कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर ते प्रथिनाच्या वेष्टनात बांधून सूक्ष्म कणांच्या रूपाने रक्तातून पाठविते. या कणांपैकी कमी घनतेच्या कणांना एलडीएल आणि अधिक घनतेच्या कणांना एचडीएल म्हणतात. लोकभाषेत पहिल्याला वाईट व दुसऱ्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणण्याची रीत पडली आहे. ही रीत दिशाभूल करणारी आहे, कारण कोलेस्टेरॉल दोहोंत एकच असते. निराळे असते ते वाहन. एलडीएलचे कण रक्तात फार झाले, म्हणजे ते रोहिणीच्या भित्तीत शिरून तेथे अडकून पडतात, त्यांच्याभोवती दाह सुरू होतो आणि दशकानुदशके थर साचत राहतो. एके दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पोचविणारी रोहिणी काही मिनिटांत बंद पडते. झटका क्षणाचा असला, तरी आजार तीस वर्षांचा असतो.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. १९१३ साली रशियात आनिच्कोव्ह याने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत असे थर निर्माण करून दाखविले. ससा शाकाहारी प्राणी, त्याचा निष्कर्ष माणसाला कसा लागू पडावा, अशी शंका अनेकांनी घेतली आणि त्या काळी ती रास्तही होती. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून हजारो नागरिकांची पाहणी सुरू झाली, तेव्हा माणसांतही संबंध दिसू लागला. ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीने १९७० नंतरच्या दशकात पेशींवरील एलडीएल-ग्राहकाचा शोध लावला. हे ग्राहक रक्तातून एलडीएल उचलून पेशीत घेतात. काही कुटुंबांत ते जन्मतःच कमी किंवा सदोष असतात आणि अशा घरांत ऐन तारुण्यात झटके येतात. १९८५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जपानमध्ये अकिरा एंडो याने एका बुरशीतून यकृतातील कोलेस्टेरॉलची घडण रोखणारे द्रव्य वेगळे केले. आजच्या स्टॅटिन वर्गातील औषधांचा उगम तेथे आहे.

आता कागदाकडे वळू. त्यावर साधारणपणे चार मुख्य आकडे असतात : एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातील मेद, आणि एलडीएल. हे आकडे दर १०० मिलिलिटर रक्तामागे इतके मिलिग्रॅम, या मापात दिलेले असतात. इंग्लंडात राहणाऱ्या नातेवाइकाच्या कागदावर ५.२ असा आकडा पाहून येथील माणूस हबकतो. परंतु तेथील माप निराळे आहे आणि त्या ५.२ चे येथील मापात जवळजवळ २०० होतात. तिकडचा आकडा सुमारे ३८.७ ने गुणावा, म्हणजे इकडचा मिळतो. ट्रायग्लिसराइडला मात्र हा गुणक लागू पडत नाही.

पुष्कळ प्रयोगशाळांत एलडीएल प्रत्यक्ष मोजलेच जात नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते वजाबाकीने काढतात. १९७२ साली फ्रिडेवाल्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्राप्रमाणे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावयाचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करावयाचा. उरेल ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास हे सूत्र निरुपयोगी ठरते. शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल असे हे गणित आहे, आणि ते त्याने करून पाहावे.

दोन कागद कल्पनेने समोर घेऊ. पहिल्यावर एकूण कोलेस्टेरॉल १९६, एचडीएल ३४ आणि ट्रायग्लिसराइड २१० आहे. दुसऱ्यावर एकूण २१२, एचडीएल ६२ आणि ट्रायग्लिसराइड ९० आहे. घरातील माणसे वरची ओळ पाहतात. २०० ही मर्यादा सर्वांना पाठ असते. त्यामुळे पहिला पास आणि दुसरा नापास असा निकाल घरच्या घरी लागतो. आता एकूण आकड्यातून एचडीएल वजा करा. पहिल्याचे उरतात १६२, दुसऱ्याचे १५०. या उरलेल्या आकड्यात रोहिणीच्या भित्तीत शिरू शकणाऱ्या सर्व कणांचे कोलेस्टेरॉल येते. त्यात एलडीएल असते आणि ट्रायग्लिसराइड वाहणारे कणही असतात. म्हणजे पास झालेल्या माणसाच्या रक्तात अपायकारक कणांचा भार अधिक आहे. सूत्राने काढलेले एलडीएल पहिल्याचे १२० व दुसऱ्याचे १३२ येते. तेव्हा दुसराही निर्दोष सुटत नाही. मात्र पहिल्या माणसाने पेढे वाटावेत असे त्याच्या कागदात काहीही नाही.

हा पहिला कागद भारतीय माणसाचा नमुना म्हणून शोभेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीतील निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंदीगढ येथील लोकांचे रक्त तपासले होते. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक १३.९ टक्के निघाले, ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. पुरुषांसाठी ४० आणि स्त्रियांसाठी ५० ही एचडीएलची सीमा पाश्चात्त्य लोकांवरून ठरविलेली आहे, असा आक्षेप घेता येईल. तरीही एवढे उघड आहे की, केवळ एकूण कोलेस्टेरॉलवर विसंबणाऱ्या माणसाला या देशात चुकीचा दिलासा मिळण्याचा संभव फार मोठा आहे. भारतीय हृद्‌रोगतज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रथमच स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीत सर्वसाधारण निरोगी माणसाचे एलडीएल १०० च्या आत आणि वर सांगितलेल्या वजाबाकीचा आकडा १३० च्या आत असावा, असे म्हटले आहे. हृदयविकार झालेल्यांसाठी एलडीएलची मर्यादा याहून बरीच खाली, ५५ पर्यंत नेलेली आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी : ‘नॉर्मल’ हा शब्द सर्वांना सारखा लागू पडत नाही. ९५ हा आकडा एका माणसाला समाधानाचा आणि दुसऱ्याला चिंतेचा असू शकतो.

याचे कारण शोधताना पुन्हा म्हैसूरलाच यावे लागते. या शहरात १९०६ साली सुरू झालेले एक मिशन रुग्णालय आहे. ते होल्ड्‌सवर्थ मेमोरियल या नावाने ओळखले जाते. तेथे १९३४ पासून जन्मलेल्या बालकांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर यांची नोंद वह्यांत होत असे. या नोंदी पुढे कशासाठी उपयोगी पडतील याची त्या परिचारिकांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. बाळाचे वजन करणे हे कामाचा भाग होते आणि ते काम त्यांनी नेटकेपणाने केले. अर्धशतकानंतर इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील संशोधकांनी स्थानिक डॉक्टरांच्या साहाय्याने त्या वह्या उघडल्या आणि १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या व अजूनही रुग्णालयाच्या आसपास राहणाऱ्या ५१७ स्त्री-पुरुषांना शोधून काढले. त्यांच्या हृदयाची तपासणी करून प्रौढपणीचा आजार आणि जन्मवेळचे वजन यांची सांगड घालण्यात आली. निष्कर्ष १९९६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

जन्मवेळी अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांत हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण ११ टक्के होते; ३.१ किलोहून अधिक भरलेल्यांत ते ३ टक्के होते. जन्मतः लहान आणि ज्यांच्या मातेचे वजन गरोदरपणी १०० पौंडांहून कमी, अशांत तर ते २० टक्क्यांपर्यंत गेले. कोलेस्टेरॉल, रक्तदाब इत्यादी ज्ञात कारणांनी हा फरक बऱ्याच अंशी उलगडत नव्हता. आजारी निघालेल्यांची एकूण संख्या ५२, म्हणजे लहान होती, आणि एवढ्यावरून सिद्धान्त उभारणे धाडसाचे ठरेल. परंतु पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य त्याच दिशेने बोट दाखविते. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर स्त्रियांची पाहणी केली. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील सुमारे ३.५ किलोची. मात्र पुण्याच्या बाळांत स्नायू कमी असले, तरी चरबी त्या मानाने टिकून होती. हाडकुळे दिसणारे शरीर आतून मेदयुक्त असू शकते, हे त्यांनी २००४ साली स्वतःच्याच उदाहरणाने दाखविले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन या दोघांची उंची व वजन यांचे गुणोत्तर अगदी समान, २२.३ होते. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली.

म्हणून कोलेस्टेरॉलचा कागद एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी रक्तदाब, रक्तातील साखर, कमरेचा घेर, तंबाखूची सवय आणि घरातील इतिहास यांची नोंद हवी. तंबाखू म्हणजे केवळ विडी-सिगारेट नव्हे; महाराष्ट्रात दात घासण्याच्या निमित्ताने चालणारी मिसरीदेखील तीत येते. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नाच्या आत अथवा आईला वा बहिणीला पासष्टीच्या आत झटका आला असल्यास तो उल्लेख आकड्यांच्या वर लिहावा, इतका तो महत्त्वाचा आहे. वरील मार्गदर्शक तत्त्वांत लायपोप्रोटीन-ए हा आनुवंशिक घटक आयुष्यात निदान एकदा मोजावा अशीही शिफारस आहे. तो आहाराने फारसा बदलत नाही आणि नेहमीच्या तपासणीत दिसतही नाही.

आहाराविषयी लोकांत जितके बोलले जाते तितके समजून घेतले जात नाही. शेंगदाणा तेलाच्या बाटलीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. विधान खरे आहे, पण ते पाणी अग्निमुक्त आहे असे सांगण्यासारखे आहे. तेलबियांच्या कोणत्याच तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते. खोबरेलातही नसते. तरीसुद्धा खोबरेल रक्तातील एलडीएल वाढविते, कारण त्यातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त असतात आणि संपृक्त मेद यकृताची एलडीएल उचलण्याची शक्ती कमी करतो. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद याहून घातक. जानेवारी २०२२ पासून भारतात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. म्हैसूरपाकाच्या जन्मगावी तुपाविरुद्ध बोलणे अरसिकपणाचे दिसेल. सणाची एक वडी हृदय बंद पाडत नाही. रोजच्या डब्यातील तळण, साखर, पॉलिशचा तांदूळ आणि बैठे काम मिळून ट्रायग्लिसराइड चढवितात, आणि पहिल्या कागदावरील २१० हा आकडा बहुधा याच वाटेने येतो.

म्हैसूरच्या चेलुवांबा महालात १९५० पासून केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था काम करीत आहे. हळदीतील कुर्क्युमिन या द्रव्याने कोलेस्टेरॉलयुक्त आहारावरील उंदरांच्या रक्तातील व यकृतातील कोलेस्टेरॉल लक्षणीय प्रमाणात उतरते, असे तेथील संशोधकांनी १९७० साली दाखविले. प्रयोग उत्तम होता. त्यावरून चिमूटभर हळद घेऊन औषध सोडून देणारे मात्र त्या शास्त्रज्ञांचा अपमान करतात. त्यांनी उंदरांविषयी सांगितले, तेवढेच त्यांनी सांगितले.

पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी, घरात लवकर आलेल्या हृदयविकाराचा इतिहास असल्यास त्याहून आधी, ही २०२४ च्या तत्त्वांतील शिफारस शासनाने आणि महाविद्यालयांनी मनावर घेण्यासारखी आहे. हीसाठी आता उपाशीपोटी जाण्याचीही बहुधा गरज राहिलेली नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आढळल्यासच उपाशीपोटी फेरतपासणी लागते. कोणी म्हणेल की, अठरा वर्षांच्या मुलांचे रक्त तपासून घराघरांत नवी भीती शिरेल आणि औषधविक्रेत्यांचे फावेल. हा आक्षेप वजनदार आहे. एलडीएल साधारण ३९ ने उतरविल्यास झटके, पक्षाघात इत्यादींचा धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो, हे स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे. पण ज्याचा मूळ धोका अल्प आहे, त्याच्या बाबतीत अल्पाचा पंचमांश म्हणजे फारसे काही नसते. गोळी कोणाला द्यावी हे आकडा एकटा ठरवीत नाही. तरुण वयातील तपासणीचा खरा लाभ दुहेरी आहे. आनुवंशिक दोष असलेली कुटुंबे वेळीच सापडतात. दर अडीचशे-तीनशे माणसांत असा एक असतो आणि त्याला उपचार निःसंशय हवा. बाकीच्यांना स्वतःचा आरंभबिंदू कळतो. एकच आकडा फारसे सांगत नाही, कारण तो दिवसागणिक पाच-दहा टक्क्यांनी सहज हलतो, तापात व झटक्यानंतर काही आठवडे खाली जातो, गरोदरपणात आणि थायरॉइड मंदावल्यावर वर चढतो. अठराव्या, पंचविसाव्या आणि पस्तिसाव्या वर्षीचे आकडे एका ओळीत मांडले, म्हणजे त्यांना अर्थ येतो.

प्रयोगशाळांनी वजाबाकीचा आकडा कागदावर ठळक छापावा, आणि तो कागद मराठीत वा कन्नडात मिळावा, ही मागणी अवाजवी नाही. घरांनीही एक काम करावे. बाळंतपणाच्या कार्डावरील जन्मवजन पुष्कळ घरांत रद्दीबरोबर जाते. ते मुलाच्या वैद्यकीय कागदांत अग्रभागी ठेवावे.

होल्ड्‌सवर्थ रुग्णालयात १९९७-९८ साली गरोदर स्त्रियांची नवी नोंद सुरू झाली. त्यांची मुले जन्मापासून ठरावीक वर्षांनी मोजली गेली आहेत. वजन, उंची, रक्तदाब, साखर आणि रक्तातील मेद अशा सर्वांच्या नोंदी त्यांच्या नावापुढे आहेत. आज ही मुले तिशीला टेकली आहेत. ५३ व्या वर्षी ती २०५० च्या सुमारास पोचतील.